चौथी फेरी

दादा,

तुला न्यायला हवाई दलाचे चार जवान आणि एक कोवळा अधिकारी आला, तेव्हा तुझा भाचा सुजात जिन्याखाली मोबाइल बघत उभा होता. प्रभादेवीच्या तुझ्या सोसायटीतली माणसं गॅलऱ्यांतून वाकून बघत होती. वॉचमनने टोपी काढून हातात धरली होती. त्या अधिकाऱ्याने तुझ्या पायाशी फुलांचं चक्र ठेवलं, टाच आपटून सलाम केला आणि मागे वळून विचारलं, "घरातलं कोणी पुढे येणार का?" वहिनीने सुजातला हाक मारली. तो आला. पण पुढे होण्याआधी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "एवढं सगळं? परत फिरलेल्या माणसाला?"

मी त्याला गप्प केलं नाही. खरं काय ते सांगितलं नाही. मी म्हटलं, "हळू बोल."

अठरा वर्षांनी मला एवढंच सुचलं, दादा. हळू बोल.

तू गेल्याला आज बारा दिवस झाले. पेपरात द्यायला वहिनीने माझ्याकडे चार ओळी मागितल्या होत्या, मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून. जन्म, शिक्षण, पदक, निवृत्ती. त्या मी लिहून दिल्या. एकही शब्द खोटा नव्हता त्यात, आणि तरी ते छापून आल्यावर मला तो पेपर घरात ठेवता येईना. म्हणून हे लिहितेय. हे कुठे छापायचं नाही.

आपल्या चाळीत आता कोणाला सांगितलं तर पटणार नाही, पण तुला उंचीची भीती वाटायची. गच्चीवरून पाण्याच्या टाकीकडे जायला एक फळी टाकलेली होती, आठवते? चाळीतली पोरं त्या फळीवरून पळत जायची. मी परकर खोचून जायचे. तू कठड्याला धरून उभा राहायचास आणि म्हणायचास, "शुभे, पडशील. परत ये." मी पलीकडून ओरडायचे, "भित्री भागूबाई!" बाबा मिलमधून येताना खालून हे सगळं ऐकायचे. एकदा वर आले आणि मलाच धपाटा घातला. म्हणाले, "जो घाबरतो तो बघून पाऊल टाकतो. तू न बघता टाकतेस."

मग तू अकादमीत गेलास. चाळीतला पहिला. संप सुरू झाला, बाबांचं साचाखातं बंद पडलं ते पडलंच, पण तुझा गणवेशातला फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागला आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला चहापेक्षा आधी तो फोटो दाखवायला लागले. तू हेलिकॉप्टर चालवतोस हे कळल्यावर मी तुला विचारलं होतं, "आणि उंची रे?" तू हसलास. म्हणालास, "पायाखाली लोखंड असतं गं. आणि हात कामात असले की भीतीला बसायला जागा मिळत नाही."

कारगिलच्या त्या उन्हाळ्यात आई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची. आवाज नको म्हणायची. डोंगर दिसला की हात जोडायची आणि जाहिरात लागली की पदराने डोळे पुसायची. सुजात नऊ वर्षांचा होता. तो आजीच्या मांडीवर बसून प्रत्येक हेलिकॉप्टरला "मामा!" म्हणायचा. तू आलास तो गणपतीच्या आसपास. अर्ध्या चाळीने तुला लालबागच्या नाक्यावरून वाजतगाजत आणलं. तू हार घालून घेतलेस, पेढे खाल्लेस आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपलेले असताना, गॅलरीतल्या बाकड्यावर मला ते सांगितलंस. मलाच का सांगितलंस, हे मी कधी विचारलं नाही. आता वाटतं, मी टाकीवरून तुला घाबरलेलं पाहिलं होतं म्हणून असेल.

एका उंच धारेवर चार जखमी अडकले होते. चालवत खाली आणणं शक्य नव्हतं. तुझं यंत्र छोटं, त्या उंचीवर हवा इतकी विरळ की एका वेळी एकच जखमी उचलता येई. वजन कमी करायला मागची सीट काढलेली, तेलही मोजून भरलेलं. उतरायची जागा आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी, आणि समोरच्या डोंगरावरून तोफा तिच्यावर रोखलेल्या. पंखा बंद करायचा नाही, टेकायचं, माणूस आत घ्यायचा, उडायचं. तू पहिल्या फेरीत एक आणलास. दुसऱ्या फेरीत दुसरा. तिसऱ्या फेरीत गोळा इतका जवळ पडला की दगड काचेवर आले, तरी तिसरा आणलास. चौथ्या फेरीला तू आणि तुझा को-पायलट निघालात. धार समोर दिसत होती. खाली एक जवान हिरवं कापड हलवत होता. तेवढ्यात गोळा फुटला आणि त्याचा तुकडा दारातून आत येऊन को-पायलटच्या मांडीत शिरला.

"रक्त माझ्या बुटात येत होतं शुभे," तू म्हणालास. "उतरून त्या माणसाला आत घ्यायला चाळीस सेकंद लागले असते. मी फिरवलं. परत आलो."

को-पायलट वाचला. यंत्र दुरुस्त होईपर्यंत धारेवर ढग उतरले. तो चौथा जवान गेला.

मी म्हटलं, "मग तू काय चूक केलीस? तुझ्याशेजारचा माणूस मरत होता."

"ते खरंच आहे. पण मी घाबरलोही होतो, हेही खरं आहे. फिरवलं ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही."

"वेडा आहेस."

"असेन. पदक तिघांसाठी मिळालंय. चौथ्याचं काय करायचं ते कोणी सांगत नाही."

त्याचं नाव मी विचारलं. तू म्हणालास, नाव माझ्याजवळ राहू दे. आपला हा वाद कधी संपला नाही. दरवेळी मी म्हणायचे, तू योग्य केलंस, आणि तू म्हणायचास, तू तिथे नव्हतीस.

तुझी ही जखम तू माझ्याजवळ ठेवलीस. आणि मी ती वापरली.

सुजात अकरा वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले, तेव्हापासून माझं जग त्या एका मुलाएवढं होतं. तो बारावीत असताना मला न सांगता अकादमीची परीक्षा देऊन बसला. लेखी पास झाला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा पोस्टमननेच चाळभर केलं. लोक पेढे मागायला आले, आणि मी हसत पेढे वाटले, आणि आत जाऊन मोरीत बसून रडले. मला आईचा तो आवाज बंद केलेला टीव्ही दिसत होता.

तू तेव्हा हवाई दलातून निवृत्त होऊन प्रभादेवीला राहायला आला होतास, समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर हेलिकॉप्टरने माणसं ने-आण करत होतास. मी शाळा सुटल्यावर तशीच तुझ्याकडे आले. आपण चौपाटीच्या कट्ट्यावर बसलो.

"तू त्याला सांग, जाऊ नको म्हणून," मी म्हटलं. "माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल."

"मी कसं सांगू? मी स्वतः गेलो."

"खोटं नको बोलूस. चौथ्या फेरीचं सांग."

तू माझ्याकडे बघितलंस.

"सांगायचं तर चारही फेऱ्यांचं सांगेन."

"नाही," मी म्हटलं. "चारही सांगितल्यास तर तो उद्याच बॅग भरेल. फक्त चौथी सांग. को-पायलटचं नको सांगूस. तू घाबरलास आणि परत फिरलास, एवढंच. ते खरंच आहे ना? तूच म्हणतोस ना?"

हे मी माझ्या तोंडाने बोलले, दादा. समुद्राकडे बघत. तू म्हणालास, "हे नको मागूस शुभे." आणि उठून चालायला लागलास. मी तुझ्यामागून आले नाही. मला राग आला होता. घरी जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात तुला स्वार्थी म्हटलं.

दोन दिवसांनी तुझा फोन आला. "रविवारी जेवायला येतो. सांगतो त्याला." मला वाटलं, भावाचं काळीज शेवटी बहिणीसाठी विरघळलं. मी जिंकले असंच वाटलं मला.

त्या रविवारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते आणि बाहेरचा प्रत्येक शब्द ऐकत होते. तू सांगितलंस. अगदी मी म्हटलं तसंच. सुजातने विचारलं, "म्हणजे मामा, तू घाबरलास?"

"हो."

"आणि तो माणूस?"

"गेला."

"मग पदक कशाचं?"

"अशी पदकं तेव्हा पुष्कळांना मिळाली," तू म्हणालास.

माझा हात थांबला. हे मी मागितलं नव्हतं. पहिल्या तीन फेऱ्याही तू स्वतःच्या हाताने पुसून टाकल्यास. मला बाहेर यायला हवं होतं. दोन पावलांवर दार होतं. मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.

सुजात मुलाखतीला गेला नाही. कॉमर्सला गेला, सीए झाला, जिथे बाबांची मिल होती त्याच आवारातल्या काचेच्या इमारतीत आता बसतो. मला हवं होतं ते सगळं मिळालं. त्या संध्याकाळी त्याने भिंतीवरचा तुझा पदकाचा फोटो काढून कपाटावर ठेवला. मी तो परत लावला नाही.

मग वर्षं गेली. तू घरी आलास की तो "ये मामा" म्हणून आतल्या खोलीत जायचा. त्याच्या लग्नात आहेर स्वीकारताना तुझ्याशी हात मिळवला तो परक्यासारखा. आणि लालबागच्या टॉवरमध्ये त्याने घर घेतलं तेव्हाचं ते जेवण. चाळीतले पाचसहा जण होते, गायकवाडकाका होते. काका म्हणाले, "बाविसावा मजला! पायलट, तुमच्या हेलिकॉप्टरला खिडकीतच उतरवा आता." आणि सुजात हसत म्हणाला, "मामा उतरणार नाही. मामा परत फिरतो."

काही जण हसले. का हसायचं ते त्यांना कळलंही नसेल. गायकवाडकाका मात्र मोठ्याने हसले. तू ताटात बघत होतास. मग वर बघितलंस, सुजातकडे नाही, माझ्याकडे. रागाने नाही. नुसतं बघितलंस. माझ्या हातात रश्शाचं पातेलं होतं.

मी म्हटलं, "दादा, अजून घाल ना."

त्या नजरेला मी कितीदा उत्तर दिलंय मनात. तेव्हा मात्र मी तुझ्या वाटीत रस्सा घातला आणि तू तो संपवलास.

परळच्या हॉस्पिटलात तू एकोणीस दिवस होतास. फुप्फुसं साथ सोडत होती. मी रोज डबा घेऊन यायचे आणि रोज ठरवायचे, आज सुजातला बोलावते आणि तुझ्यासमोर सांगते. एका दुपारी वहिनी खाली औषधं आणायला गेली होती. मी तुझे पाय चेपत म्हटलं, "दादा, सुजातला सगळं सांगू का?" तू मास्क बाजूला केलास. एकेक शब्द ओढून काढत म्हणालास, "राहू दे आता. पोरगा सुखाने जेवतोय ना? झालं तर मग."

मला हायसं वाटलं, दादा. लिहायला लाज वाटते, पण तेच वाटलं. तू मला मोकळं केलंस असं मी धरून चालले. सुजात तुला बघायला दोनदा आला. दोन्ही वेळा दारात उभं राहून मशीनवरचे आकडे वाचून गेला.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं. धीर आला म्हणून नव्हे. "परत फिरलेल्या माणसाला" हे त्याचे शब्द माझ्या कानातून जाईनात म्हणून. सकाळी त्याच्या घरी गेले, सुनेला म्हटलं आम्हाला जरा बोलायचंय. चार फेऱ्या सांगितल्या. को-पायलटची मांडी, बुटात आलेलं रक्त, चौपाटीचा कट्टा, मी काय मागितलं ते. काही राखून ठेवलं नाही. मला वाटलं तो ओरडेल. मला ते हवंही होतं.

तो म्हणाला, "आई, तुझ्यामुळे नाही आला मामा त्या रविवारी."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"मी फोन केला होता त्याला. शुक्रवारी, क्लासवरून. फॉर्म भरला तेव्हा जोश होता. बोलावणं आलं आणि माझी फाटली. रात्ररात्र झोप नाही. पण चाळीत पेढे वाटून झाले होते. आता नाही म्हटलं तर सगळे काय म्हणतील? मामाला म्हटलं, मामा, मला नाही जायचं, पण मी घाबरलो असं कोणाला कळायला नको. आईला तर नकोच. तो म्हणाला, रविवारी येतो, तुला कारण देतो."

त्याने चेहरा हातांनी झाकला.

"त्याने दिलं कारण. लोकांना मी सांगत सुटलो, मामानेच नको म्हटलं, मामाचा अनुभव वाईट आहे. आणि मला वाटलं, हा पण माझ्यासारखाच. घाबरट. तो समोर आला की मला मी दिसायचो, आई. म्हणून त्याला टोचायचो. त्याने तीन माणसं आणली होती? तीन?"

"तीन."

"आणि मला बोलला नाही कधी?"

तू कोणालाच बोलला नाहीस. माझं त्याला कळू दिलं नाहीस, त्याचं मला. आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांपासून तोंड लपवत होतो आणि दोघांची तोंडं तू झाकलीस. पण दादा, यामुळे माझं ओझं उतरत नाही. मी मागितलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी माझ्यासाठीच मागितलं होतं. आणि त्या जेवणात पातेलं माझ्याच हातात होतं.

काल रविवारी आपल्या चाळीतल्या विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी पंचशील दिलं. तुझ्या फोटोला मेणबत्त्या लावल्या. दोघंतिघं बोलले, चाळीचं नाव, समाजाचं नाव, सगळं रीतीप्रमाणे. मग सुजात उठला. त्याला सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "मी सैन्यात गेलो नाही ते मामामुळे, असं मी तुम्हाला सगळ्यांना सांगितलंय. ते खोटं आहे. मी घाबरलो होतो. मामाने माझी लाज स्वतःवर घेतली आणि मी त्याला तुमच्यासमोर हसलो." एवढं बोलून तो खाली बसला.

मी कागद लिहून नेला होता. तो पर्समध्येच राहिला. मी उठले आणि पहिल्या फेरीपासून सांगायला लागले. किती वेळ बोलले ठाऊक नाही. चौपाटीवरचं माझं बोलणंही सांगितलं, शब्दन् शब्द. गायकवाडकाकांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. नंतर बायका माझ्याजवळ आल्या नाहीत, लांबूनच "जय भीम" म्हणून गेल्या. बरंच झालं. कोणी पाठीवरून हात फिरवला असता तर मला सहन झालं नसतं.

सगळे गेल्यावर मी आणि वहिनी सतरंज्या गोळा करत होतो. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं."

वहिनी म्हणाली, "मला माहीत होतं शुभाताई. ह्यांनी त्याच रविवारी घरी येऊन सांगितलं होतं. तुमचंही आणि सुजातचंही."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"ह्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, ज्याचं त्याने बोलावं."

आम्ही सतरंजीची दोन टोकं धरून उभ्या होतो. मी विचारलं, "दादा वाट बघत होता का?"

वहिनीने तिची घडी पुरी केली. माझ्या हातातलं टोकही घेतलं.

"हो," ती म्हणाली. "हॉस्पिटलात तुम्ही डबा ठेवून गेलात की रोज विचारायचे. शुभा आज सुजातशी काही बोलली का?"